मी रॅक नाही, टॅग आहे

मी टॅग बोलतोय. ईमेलवर लावायचा टॅग. माझं नाव 'ओ निगेटिव्ह', रंग लाल, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे.

मुक्काम भद्रावती, देवरावभाऊंचं घर. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यावर देवरावभाऊंनी रक्तदात्यांची एक यादी चालवायला घेतली. पुढे यादी वहीतून ईमेलमध्ये आली. कुणी कळवतं, माझा रक्तगट अमुक, गाव तमुक, लागलं तर बोलवा. कुणाला रक्त लागलं की देवरावभाऊ यादी पाहून फोन फिरवतात. काम पुण्याचं आहे, हे मी रागातही कबूल करतो.

माझा जन्म एका रविवारी झाला. देवरावभाऊंची सून दिव्यानीबाई शाळेत शिकवते. मेलांचा उकिरडा पाहून तिनं टॅग तयार केले. काही रक्तगटांचे, काही गावांचे. मला लाल रंग देऊन ती म्हणाली, "मामाजी, हे रक्त लवकर भेटत नाई. म्हनून लाल."

आता माझा स्वभाव ऐका, कारण सगळं भांडण तिथंच आहे. फोल्डर म्हणजे पेटी. कागद एका पेटीत ठेवला की दुसरीत नसतो. माझं तसं नाही. मी नुसती खूण आहे. एका मेलवर मी बसलो म्हणून 'चिमूर' या गावाच्या टॅगला उठावं लागत नाही. एकाच माणसाला एका घरी मामा म्हणतात, दुसऱ्या घरी जावई म्हणतात. म्हणून कुणी त्याचे दोन तुकडे करत नाही. इतकी साधी गोष्ट आहे.

पण देवरावभाऊंनी तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथं एका मालाला एक रॅक, एक खण, एक कार्ड. माल हलला की जुन्या कार्डावर काट मारायची. तेहतीस वर्षांत एक नटबोल्ट इकडचा तिकडे झाला नाही, हे ते पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवतात.

"एक माल दोन रॅकवर असूच शकत नाई," असं म्हणून त्यांनी नवा टॅग लावला की जुना काढायला सुरुवात केली. दिव्यानीबाईनं दोनदा समजावलं. दोन्ही वेळा ते "हो बेटा" म्हणाले आणि दोन्ही वेळा पालथ्या घड्यावर पाणी.

सुरुवातीला मी आठ मेलांवर होतो. एका दात्याचा एकच मेल, त्यानं पुढं काही कळवलं की ते त्याच्याच खाली येतं. एका दात्यानं नागपूरला गेल्याचं कळवलं, मला काढून 'नागपूर' लावला. एकानं देवरावभाऊंचे आभार मानले, मला काढून 'आभार' लावला! आभार मानल्यानं माणसाचं रक्त बदलतं का हो? तिसरा अंकुश. मूळचा चिमूरचा पोरगा. त्यानं लिहिलं होतं, "भाऊ, मी भद्रावतीजवळच्या कोळसा खाणीत लागलो. नवा नंबर देऊन राह्यलो. माहं ओ निगेटिव्ह रक्त लागलं तर कधीबी आवाज द्या." देवरावभाऊंनी मेल प्रेमानं दोनदा वाचला, 'पत्ता बदलला' नावाचा टॅग बनवून लावला आणि 'चिमूर'सकट मला काढून टाकलं. माल दुसऱ्या रॅकवर गेला, हिशेब मिटला. मला तोंड नाही, नाहीतर त्याच दिवशी बोंब मारली असती.

माणसांच्या सवयींबद्दल तर बोलूच नका. मेल पाठवतात आणि लगेच फोन करून विचारतात, मेल भेटला का? 'महत्त्वाचे' नावाचा टॅग बनवतात आणि दुकानाच्या जाहिरातीलाही चिकटवतात. हे सगळं मी सोसलं असतं. पण मागच्या मंगळवारी जे झालं, ते सोसवत नाही.

दुपारचे दोन वाजले होते. दिव्यानीबाई शाळेत होती. देवरावभाऊंचा फोन वाजला. पलीकडून बुधू नावाचा माणूस बोलत होता, चिमूरच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाचा.

"भाऊ, आमी चंद्रपूरले दवाखान्यात हाओ. माह्या बायकोले, वच्छलाले, पोरगी झाली. पन तिचं रगत थांबून नाई राह्यलं. इथी ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती, थे लावली. डॉक्टर म्हन्ते आनखी पायजे, लवकर पायजे."

"घाबरू नोको बाबू," देवरावभाऊ म्हणाले, "आपल्याकडं यादी हाये."

त्यांनी माझ्यावर टिचकी मारली. आठाचे पाच राहिले होते. पहिल्यानं मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं. दुसरा हैदराबादला लग्नात. तिसरा भामरागडकडे, फोनला रेंज नाही. चौथ्याच्या बायकोनं सांगितलं, त्यांना कावीळ झाली. पाचव्याचा नंबरच बंद. देवरावभाऊंनी यादी पुन्हा वरून खाली पाहिली. अर्धा तास गेला होता. बुधूचा फोन पुन्हा आला.

"भाऊ, भेटलं का?"

"बाबू, माही यादी संपली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यादी संपली नव्हती! अंकुश इथंच भद्रावतीबाहेर, मोटारसायकलनं दहा मिनिटांवर, खोलीत भात शिजवत बसला होता. फक्त त्याच्या मेलवर मी नव्हतो, आणि मी नव्हतो म्हणून तो माणूसच या घरापुरता नाहीसा झाला होता.

शेवटी देवरावभाऊंनी दिव्यानीबाईला शाळेत फोन लावला. "बेटा, कम्प्युटरनं नावं गायब केली वाटते." पाहा! चोर सोडून संन्याशाला फाशी!

तिनं वर्गातूनच मोबाईलवर सगळ्या मेलांमध्ये 'निगेटिव्ह' शोधलं. माझ्यावर विसंबली नाही, मेलाच्या आतला शब्द शोधला. अंकुश सापडला, नागपूरवाला आणि आभारवालाही.

"मामाजी, हा तर इथीच हाये! याले काऊन काढलं तुमी?"

"त्याचा पत्ता बदलला ना, बेटा."

"पत्ता बदलला, रक्त बदललं का?"

फोन येताच अंकुशनं भाताखालचा गॅस बंद केला आणि तसाच निघाला. चंद्रपूरला पोचला, रक्त दिलं. नागपूरवालाही संध्याकाळपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बुधूचा फोन आला. "भाऊ, वच्छला उठून बसली. पेज पेली. पोरीले पाजून राह्यली."

देवरावभाऊ ढसाढसा रडले. "माह्या हातानं दोन जीव गेले असते," म्हणाले. दिव्यानीबाईनं शेजारी बसून पुन्हा समजावलं. "मामाजी, टॅग म्हन्जे रॅक नाई. एका मेलवर दहा लावा, कोनी कोनाले ढकलत नाई." त्यांनी डोळे पुसले, "समजलं बेटा," म्हणाले, आणि तिनं तिन्ही मेलांवर मला पुन्हा बसवलं. मीही राग गिळला. म्हातारा माणूस आहे, मनानं सोन्यासारखा आहे. चुकला, शिकला.

त्यानंतर ती शाळेला गेली. देवरावभाऊ चष्मा पुसून कम्प्युटरपुढे बसले. अंकुशचा मेल उघडून त्यांनी त्याला हात जोडले, खरंच जोडले. मग विचार केला की यानं रक्त दिलं, आता तीन महिने देता येणार नाही. विचार अगदी बरोबर. त्यांनी 'रक्त दिलं' नावाचा हिरवा टॅग बनवला, अंकुशच्या मेलवर लावला, आणि मला काढून टाकलं. दिलेला माल दिलेल्याच्या रॅकवर. मग समाधानानं चहा मागवला.

दिव्यानीबाईला हे माहीत नाही. तिला वाटतं मी तिथंच आहे.

तीन महिने सरतील. अंकुश पुन्हा रक्त द्यायला तयार होईल. कुठल्यातरी गावातली कुणीतरी बाई खाटेवर असेल, तिचा नवरा फोन करील आणि देवरावभाऊ मोठ्या विश्वासानं माझ्यावर टिचकी मारतील. तुमच्यापैकी कुणी भद्रावतीकडे जाणार असेल, तर दिव्यानीबाईला गाठून एवढंच सांगा, की अंकुशच्या मेलवर मी नाही.