पडद्याने आधी पाहिले

मित्रांनो, आकाशात उडणाऱ्या प्रत्येकाचा जीव माझ्या दोन डोळ्यांवर अवलंबून असतो. निदान रडारचा पडदा येईपर्यंत तरी सगळीकडे असेच बोलले जाई. बोलणारी मीच.

मी एक जुनी दुर्बीण आहे. लष्करी वैमानिकांना उडायला शिकवणाऱ्या विमानतळाच्या मनोऱ्यात, खिडकीशेजारच्या खिळ्याला मी लटकते. कारखान्यात माझ्या काचा घासून झाल्यावर कारागिराने माझ्यातून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले मोजे पाहिले आणि मान डोलावली. माझ्या कौतुकाची सुरुवात अशी मोज्यांपासून झाली. पुढे मात्र मनोऱ्यात माझा मान मोठा. विमानाची चाके उघडली का, कुठून धूर येतो का, सगळे मला विचारून.

मग तो पडदा आला. त्याला गार हवेचे यंत्र, त्याच्यापुढे चाकांची खुर्ची, आणि खुर्चीत दिवसभर त्याच्याकडे टक लावून बसायला अण्णा. लग्नाच्या बायकोकडेही अण्णांनी एवढे पाहिले नसेल. आणि दिसते काय, तर हिरवे ठिपके. जित्याजागत्या माणसाचा ठिपका करायचा आणि वर शहाणा म्हणून मिरवायचे. मी जळून कोळसा झाले.

माझा असा दिवस एकच उरला होता. शिकाऊ वैमानिक पहिल्यांदा एकटा उडे, तेव्हा मनोऱ्यातले सगळे खिडकीशी येत आणि मला आळीपाळीने डोळ्यांना लावत. इथली रीतच होती ती.

त्या दिवशी लंबू नावाचा शिकाऊ एकटा उडाला. मनोऱ्याच्या प्रमुख बाई मला घेऊन उभ्या होत्या. लंबू धावपट्टीकडे वळून खाली येऊ लागला, तसे अण्णा खुर्ची सोडून आले. "बाई, सगळं तुम्हीच बघणार? देवाने आम्हालाही डोळे दिलेत." बाईंनी हसून मला त्यांच्या हाती दिले. मिशीवाले प्रशिक्षक दुसरे विमान घेऊन लांबून सरळ येत होते आणि त्यांना 'या' असे खुद्द अण्णांनीच सांगितले होते, हे कौतुकाच्या भरात अण्णा विसरले.

मागे पडदा टिंवटिंव करू लागला. ओरड मेल्या, मी मनात म्हटले, आज तुझ्याकडे कुत्रंही बघत नाही.

तेवढ्यात माझ्या गोलात, लंबूच्या विमानावर, दुसऱ्या विमानाचे पोट उतरू लागले. मिशीवाल्यांना पोटाखालचे दिसत नव्हते, लंबूला डोक्यावरचे.

अण्णांनी मला बाईंकडे ढकलले. बाईंनी मला घेतलेच नाही, माईक घेतला.

"वरचं विमान, उतरू नका. वर चढा, उजवीकडे वळा. आत्ता." मग आवाज अगदी घरगुती करून म्हणाल्या, "लंबू, तू सरळ ये. छान येतोयस." नवख्याला त्या क्षणी काही करायला सांगितले, की तो आधी गोंधळतो.

मिशीवाले वर गेले. लंबू बेडकासारखा उड्या मारत उतरला आणि बाहेर येऊन सगळ्यांशी हात मिळवत सुटला.

थोड्या वेळाने मिशीवाले मनोरा चढून आले. "वळताना खाली पाहिलं," ते म्हणाले. "त्याच्या हेल्मेटवरचा आकडा वाचता आला मला." अण्णा मटकन खाली बसले, खुर्ची रिकामी असताना जमिनीवर. बाईंनी लंबूला समोर बसवून सगळे सांगितले. त्याचे खिदळणे तिथेच थांबले.

चौकशी झाली. कोणी पहिल्यांदा उडो की शेवटचे, पडद्यापुढची खुर्ची सोडायची नाही, असा नियम झाला. आणि हेही निघाले, की धोका पडद्याने माझ्याआधी पाहिला होता. हे सांगताना माझी काच तडकायला आली आहे, पण सांगते.

तेव्हा मित्रांनो, जो ओरडून सावध करतो त्याचे ऐका, भले तो तुम्हाला डोळ्यांसमोर नको असो. वस्तूंची निगा राखा. माझे म्हणाल, तर मागणे फार नाही. पडदा पुसलेल्या फडक्याने तेवढे मला पुसू नका.