घडी न मोडलेली साडी

मित्रांनो, मी एक जुनी कोशाची, म्हणजे रानरेशमाची, साडी आहे. जुनी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हिला कोणी सणासुदीला नेसले असेल, हिच्या पदराला कुणा लेकराने तोंड पुसले असेल. कसले काय! माझी सारी उमर लोखंडी आलमारीत गेली. ज्यांना गोड गोष्ट ऐकायची असेल त्यांनी खुशाल उठून जावे, मी रागावणार नाही.

जन्म मात्र माझा चांगला झाला. देवरीकडच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर कोसा पिकतो, त्या सुताची मी. मागावरून उतरले तेव्हा मी कोरी होते, मातकट रंगाची. मला दुर्गेश्वरीने आणले. देवरीजवळच्या एका खेड्यातली ही पोरगी, घरची धानाची शेती. ती शिलाई मशीन चालवायची आणि गावातल्या प्रत्येक नवरीचे ब्लाउज तिच्याच हातचे असायचे. तिचे लग्न तिरोड्याच्या उमेंद्रशी ठरले. त्याच्या घरचे बियाण्यांचे दुकान होते.

रीत अशी की लग्नाची साडी नवरदेवाकडून येते. पण दुर्गेश्वरीने उमेंद्रला फोनवर सांगितले, "गावच्या साऱ्या पोरींले मीनं सजवलं. माह्या लगनाची साडी मी माह्याच हातानं करीन. तुमच्या घरून नोका आनू."

"कर ना बाप्पा," उमेंद्र म्हणाला. "मी सांगतो आईले." आणि त्याने खरोखर सांगितले, तेवढे श्रेय मी त्याला देते.

पळस फुलला तेव्हा तिने टोपलीभर फुले वेचली, चुलीवरच्या गंजात, मोठ्या पातेल्यात, उकळली, तुरटी टाकली आणि मला त्यात बुडवले. किती वेळा बुडवले, किती वेळा सावलीत वाळवले! शेवटी मनासारखा रंग आला, पिकल्या आंब्याच्या सालीचा. मग काठावर हिरव्या रेशमाने धानाच्या लोंब्या भरायला बसली. एक लोंबी वाकडी आली की उसवायची आणि पुन्हा भरायची. तिची माय नंदाबाई ओरडायची, "डोळे फोडून घेतेस का वो? दुकानात काय साड्या भेटत नाही?" दुर्गेश्वरी हसून म्हणायची, "भेटते नं माय. पन थ्या दुकानाच्या राहते."

ब्लाउज बेतून उरलेल्या कापडाचा तिने बटवा शिवला. देवरीच्या बाजारात जाऊन माझ्या काठाला लावून लावून बांगड्या निवडल्या. बांगडीवाली कंटाळली, पण पोरीने हिरवा रंग जुळल्याशिवाय पाय हलवला नाही. ब्लाउजच्या बाह्यांवरही त्याच लोंब्या. मला वाटले, आपल्यासारखी भाग्याची दुसरी कोणी नाही. किती मूर्ख होते मी!

लग्नाचा दिवस आला. बरात मांडवाच्या दाराशी थांबली. आमच्याकडे आधी दोन्हीकडच्या आयांची, म्हणजे समधिणींची भेट होते. मुलीची माय मुलाच्या माईला कुंकू लावते, साडी देते, गळाभेट घेते, मग बरात आत येते. नंदाबाईने ताटात साडी ठेवली होती, निळी, झुळझुळीत, दुकानातली. उमेंद्रची आई सुशिलाबाई हिने तिचा काठ दोन बोटांत चोळून पाहिला आणि ताट मागे सरकवले.

"अशी साडी तं आमी धान कापनाऱ्या बायांले देतो," ती म्हणाली.

बस! बँड थांबला. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. नंदाबाईच्या तोंडचे पाणी पळाले. ती धावत घरात आली. पलंगावर मी होते, पूर्ण घडी केलेली, वर बांगड्या ठेवलेल्या. तिने बांगड्या बाजूला सारल्या आणि मला उचलले. मी ओरडले असते हो, पण साडीला कुठे तोंड असते!

हळदीचे अंग धुऊन दुर्गेश्वरी आली तेव्हा पलंग रिकामा होता.

"माय, माही साडी कुठी आहे?"

"देली वो बाई," नंदाबाई रडत म्हणाली. "समधिनीनं ताट वापस केलं. बरात बाहेर उभी आहे. काय करू मी?"

मी तोवर सुशिलाबाईच्या मांडीवर पोचले होते आणि ती शेजारणीला सांगत होती, "पाहा, घरात कोसा होता, अन् देऊन राहिले होते चिंधी!" पोरीने काय केले असेल? तिच्यापुढे एकच कोरी साडी उरली होती. सासूने परत केलेली निळी. तीच नेसून ती लग्नाला उभी राहिली. खाली निळी झुळझुळीत साडी, वर लोंब्या भरलेल्या पिवळ्या बाह्या. फोटोत अजून तसेच दिसते. उमेंद्रने तिच्याकडे पाहिले, आईच्या मांडीकडे पाहिले. त्याला सारे ठाऊक होते. पण तो अंतरपाटामागे जाऊन उभा राहिला. अक्षता पडल्या, लोक जेवले, झाले लग्न.

मी सुशिलाबाईच्या आलमारीत गेले. नेसली का तिने मला? छे! "कोसा अंगाले टोचते," म्हणाली, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून, डांबराच्या गोळ्या टाकून सर्वांत खालच्या खणात ठेवले. तिचा हिशेब साधा होता. आहेराच्या साडीची घडी मोडली नाही तर ती पुढे कोणालाही देता येते. एकदा नेसली की ती देण्याघेण्यातून बाद झाली. म्हणून मला नेसणे नाही, उलगडणे नाही, वारा नाही की ऊन नाही. मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल यायची. मी त्याच घडीत, त्याच दुमडीवर पडून राहिले.

दर दिवाळीला दुर्गेश्वरी आलमारी पुसायची. माझ्यावर तिचा हात थांबायचा. मुलाच्या बारशाला तिने धीर करून विचारले, "आई, मले एकडाव नेसू द्या नं थे साडी. मीच केली होती."

"केली असशीन," सुशिलाबाई म्हणाली. "आता थे आहेराची आहे. घडी मोडली तं देता येईन का कोनाले?"

त्या दिवशी दुर्गेश्वरीने उमेंद्रलाही सांगून पाहिले. तो दुकानात निघाला होता. "साडीच तं आहे," म्हणाला, "दुसरी घेऊन देतो." त्याने घेऊनही दिली. अशा माणसावर रागावायचे तरी कसे, तुम्हीच सांगा!

अशी वर्षे गेली आणि उमेंद्रच्या बहिणीचे, टीनाचे लग्न ठरले. टीनाने नागपूरहून लेहंगा आणला, ओढणी बदलून आणली, बांगड्या तीनदा परत केल्या. सुशिलाबाई कौतुकाने सांगत सुटली, "पोरीचं लगन एकाच डाव होते. तिच्या मनासारखं होऊ द्या." हे ऐकत दुर्गेश्वरी टीनाच्या ब्लाउजला टिकल्या लावत होती. टीनाचा काही दोष नाही. पण माझ्या अंगाची आग झाली.

लग्नाच्या सकाळी सुशिलाबाईने मला बाहेर काढले. नवरदेव गोंदिया शहरातला होता. यावेळी ताट मागे सरकण्याची भीती तिला होती. "असल कोसा आहे," ती म्हणाली, "समधीन नाव नाही ठेवनार. सूनबाई, ताट तूच धर."

दुर्गेश्वरीने मला घेतले, खोलीत गेली आणि आतून कडी लावली. पिशवी फाडली. इतक्या वर्षांनी मला वारा लागला. तिने मला हातांनी गोंजारले नाही की ती रडली नाही. सरळ नेसायला लागली. माझी घडी मोडली आणि मित्रांनो, घडी मोडताच मी फाटले. ओलीने, त्याच त्याच दुमडीने माझे धागे कुजून गेले होते. एक चीर पदराला, एक निऱ्यांना, एक ऐन मांडीवर. तिने पाहिले, थोडी थांबली. मग बाकीची नेसून पूर्ण केली, उमेंद्रने घेऊन दिलेली कोरी साडी ताटात ठेवली आणि मांडवात आली.

सुशिलाबाईचा चेहरा उतरला. "काऊन नेसली थे? कोनाले इचारून?"

"कोनालेच नाही इचारलं."

"फाटली नं! पाहा, पार वाया घालवली!"

"मीनं नाही घालवली, आई," दुर्गेश्वरी म्हणाली. "तुमीनं जपून ठेवली होती."

गोंदियाच्या समधिणीने ताटातली साडी घेतली आणि कपाळाला लावली. बरात आत आली. कोणी काही अडवले नाही. दुर्गेश्वरी दिवसभर तशीच वावरली. चिरेवर तिने हात ठेवला नाही की पदर ओढला नाही.

लोक पांगल्यावर उमेंद्र तिच्याजवळ आला. खाली मान घालून म्हणाला, "आपल्या लगनात हेच नेसनार होतीस नं?"

"आता इचारून राहिले?" ती म्हणाली आणि खुर्च्या उचलायला निघून गेली.

मित्रांनो, मला रफू करून पुन्हा साडी करता येणार नाही, तिने दोन दिवस बसून पाहिले. तुमच्याही घरी आलमारीच्या तळाशी अशी एखादी असेल, पिशवीत बांधलेली, कोणाला तरी द्यायची म्हणून ठेवलेली. तिला आज बाहेर काढा, उन्हाची ऊब दाखवा, घडी बदला. आणि जिने ती केली तिचे नाव ठाऊक असेल, तर तिला हाक मारा. ती आंगणात असेल, स्वयंपाकघरात असेल. तिला म्हणा, बाई, ही तुझी आहे, नेस. उद्यावर टाकू नका. माझ्या वेळी सगळ्यांनी उद्यावरच टाकले.