दोन गावांचा एकच चिंचोका

दिपमाला खोटे चिंचोके चालवते, याविषयी माझ्या मनात तसूभरही शंका नव्हती. कमी होता तो फक्त पुरावा.

आमचं गाव कापसाचं, तिचं नदीकाठचं, केळीचं. दोन्ही गावच्या बाया एकमेकींच्या शेतात पैशाविना राबतात. दिवसभर काम केलं की त्या घराकडून एक खूण मिळते; ती दिली की कुणीतरी आपल्या शेतात एक दिवस येतं. पूर्वी आमची खूण चिंचोका, त्यांची सीताफळाची बी. कापूस फुटला की निकड आमची, मग एका बीला दोन चिंचोके द्यायचे, उन्हाळ्यात बरोबरीत. या भावावरून दरवर्षी भांडणं.

ती मी मिटवली. मी चोपड्याला ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. युरोपातल्या वीसेक देशांनी आपापल्या नोटा सोडून एकच युरो घेतला, मग आपल्याला दोन गावं जमू नयेत? दोन वर्षांपूर्वी मी साठ चिंचोक्यांना लाल नेलपेंट लावलं, दोन्ही गावांत सारखे वाटले आणि बाटली कपाटात ठेवली. कुठेही, कधीही, एका दिवसाला एक चिंचोका. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

यंदा कार्तिकात शेतं पांढरी झाली आणि आमच्या गावातले चिंचोके संपले. सगळे नदीकाठी, त्यातही दिपमालाकडे ढीग. ती आमच्याकडे वेचणीला येई, पण तिला आमची गरजच नाही. पाणी ठिबकवर, घड कापायला व्यापाऱ्याची टोळी. नुसती जमवत राहते! तिच्याकडे चाळीस, बाकीच्या बायांकडे बत्तीस. साठाचे बहात्तर कसे झाले? ज्याच्याकडे ढीग, तोच छापणार.

इकडे माझ्या आईचा, शेवंताबाईचा, निम्मा कापूस झाडावर होता आणि शनिवारी पाऊस येणार म्हणून मोबाईल सांगत होता. भिजला तर वर्षाची कमाई मातीत. खोटे चिंचोके पकडायचे, खरे पुन्हा सारखे वाटायचे आणि शुक्रवारी बाया आईच्या शेतात आणायच्या, असं मी ठरवलं.

गुरुवारी दोन्ही गावच्या बायांना मारुतीच्या पारावर बोलावलं आणि परातीत पाणी ओतलं. "नेलपेंट पाण्यानं जात नाही. टाका आपापले."

"ऱ्हाऊ दे ना, रूपाली," आई म्हणाली. तिचा स्वभावच भिडस्त, असं मला वाटलं.

दिपमालानं एक पिशवी ओतली. दुसरी तिच्या मुठीतच राहिली.

"तीही ओत."

"हाई ऱ्हाऊ द्या, ताई."

मी पिशवी हिसकावलीच. बारा चिंचोके पाण्यात पडले आणि परात लालेलाल झाली. तिच्याच गावच्या म्हाताऱ्या कुंदाबाई ओरडल्या, "दिपमाला, हाई काय शे?" मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला.

तेवढ्यात आई उठली.

"तिले काही बोलू नका. चिंचोकासले कुंकू मीच लावं. मना खरा चिंचोका सरी ग्यात, कापूस उभा व्हता. ही कोठे खर्च करत नही, म्हनीसन हिलेच दिधात."

एकच चलन घेतलेल्या देशाला निकडीच्या वेळी आपली नोट स्वस्त करता येत नाही, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. पूर्वी कापसात एका बीला दोन चिंचोके देऊन आम्ही तेच करायचो; ती सोय मीच मोडली होती. तोच प्रश्न माझ्या घरात घडत होता आणि मला मात्र चोर दिसत होता.

"तुला कळलं नाही?" मी दिपमालाला विचारलं.

"पहिल्या दिनलेच समजनं. घामना हातले रंग लागना." दुसरीच्या हाती जाऊन तिचा दिवस फुकट जाऊ नये, म्हणून तिनं ते वेगळे बांधून ठेवले होते. आणि तरीही ती बारा दिवस आली होती.

कुंदाबाईंनी निकाल दिला. खोट्या खुणेचा भरवसा नको, आजपासून ज्या गावाची खूण ती त्याच गावात चालेल; नदीकाठची एकही बाई इकडे येणार नाही.

मी दिपमालाच्या मागे वाटेपर्यंत धावले. लाज सोडून हात जोडले. "एकच दिवस ये गं. आईचा कापूस भिजेल."

"बारा दिन कोनले माहीत नव्हतं, म्हनीसन जमनं," ती म्हणाली. "आते बठ्ठा गावले माहीत शे. मी उनू तं मन्या बाया माले काय म्हनतीन? माले एकलीले इचारं असतं ना, ताई."

ती गेली. शुक्रवारभर आई आणि मी दोघीच वेचत होतो. शनिवारी सकाळी पाऊस आला, तेव्हा राहिलेल्यातल्या निम्म्या ओळी अजून बाकी होत्या.