टर्बोचे तेल

मुरबाडच्या शहापूर रस्त्यावरील आपल्या गॅरेजात चंदर मेस्त्रीला गेले तीन महिने एक शिटी ऐकू येत असे. अंगणात एकही गाडी चालू नसताना, भर दुपारी, ती बारीक चढती शिटी कानी पडे आणि त्याच्या हातातील पाना थबकून राही. ती देवरामच्या पिकअपच्या टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची आहे, याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती. देवराम मात्र हयात नव्हता. तीन महिन्यांपूर्वी माळशेजच्या चढावर गाडीचा दम तुटला आणि चाकामागे दगड लावायला तो उतरला. त्याच क्षणी ती मागे घसरून त्याच्या अंगावर आली.

आज तीच पिकअप दोराने ओढत अंगणात आणली गेली. सोबत देवरामची पत्नी सुंदरा आणि धाकटा भाऊ रोशन होते.

टर्बोला तेल पोचविणारा पोकळ बोल्ट चंदरने सोडविला. त्याच्या छिद्रात लाल सिलिकॉनची गुठळी घट्ट बसली होती. गेल्या दुरुस्तीच्या वेळी बोल्टखाली बसणारी तांब्याची वायसरे संपली होती, देवरामला बाजाराची घाई होती, म्हणून ते सिलिकॉन चंदरनेच स्वहस्ते फासले होते. तेल अडले, कोरडा पडलेला टर्बो जाम झाला आणि चढावर गाडीचा दम तुटला.

“मेस्त्री, रबरी नळी लाव, वरच्या वर जोड दे नि सोड,” रोशन म्हणाला. “धसईला भाजी पडून हाय.”

“रबर नाय टिकत रे, तापलं का फुटतं. लोखंडी पाइपच हवा. आन् इंजिनाच्या वरच्या अंगाला तेल उशिरा येतं. खालनं, फिल्टरजवळनं घ्यायचं. तिथं जोर असतो.”

गुठळी चिंध्यांत टाकली असती, तर कोणालाही कळले नसते. तेवढ्यात शिटी वाजली. चंदरने गुठळी तळहातावर घेऊन सुंदरेपुढे धरली.

“वैनी, ही माझ्या हातची. हिनंच तेल अडवलं.”

सुंदराने गुठळी बोटांत धरून पाहिली.

“ते बोलायचे, चंदरचा हात लागला का गाडीकडं बघायला नको.” मग ती म्हणाली, “जोड तुझा पाइप. पण पैल्या फेरीला रोशनच्या बाजूला तू बसशील. घाटात थांबली, तर दगड लावायला तूच उतरायचं.”

चंदरने जाम टर्बो खोलून मोकळा केला, लोखंडी पाइप बसविला, दोन्ही बाजूंस नवी वायसरे घातली, सिलिकॉनला शिवलादेखील नाही. जोडण्यापूर्वी, तान्ह्या बाळाला पाजावे तसे त्याने टर्बोला हाताने तेल पाजले.

दुसऱ्या दिवशी गाडी माळशेजचा तोच चढ निर्विघ्न चढून गेली. माथ्यावर रोशनने, चंदरने बजावल्याप्रमाणे, टर्बो निवावा म्हणून इंजिन मिनिटभर सावकाश फिरू दिले आणि मग बंद केले.

चढावर ऐकू येणारी टर्बोची शिटी मात्र थांबली नाही.

“काय झालं, मेस्त्री?” रोशनने विचारले. त्याला काहीच ऐकू येत नव्हते.

चंदर खाली उतरला आणि चाकामागे लावण्यासाठी दगड शोधू लागला.