जाळीखालचे गहू

माझ्या गादी-कारखान्यापुढे ही गर्दी! मांत्रिक बाबाने कापसाच्या खोलीचं कुलूप काढून पांढरी चादर बाहेर आणली. त्याने रात्री तिच्यावर आत्म्यासाठी ठेवलेले मूठभर गहू गायब, त्यांच्या जागी बारीक काळे दाणे.

"वहिनी येऊन गेल्या!" बाबा ओरडला. "घास घेतला, खूण ठेवली! लेकीला इथे आणून बसवा, ताप उतरवतो."

वहिनी म्हणजे माझी बायको. दोन महिन्यांपूर्वी तापाने गेली. सगळे फ्लू म्हणाले, मग श्वासच अडला. आता लेक तशाच तापाने दवाखान्यात होती.

लोक दाणे पुडीत बांधून दंडाला लावत होते. मेहुण्याने तर दोन लावल्या. म्हणाला, "दाजी, पोरीला आणू या."

मी दवाखान्यात गेलो. डास, पाणी, प्रवास, सगळं विचारून झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी नवंच विचारलं, "बंद खोली कुणी झाडली का?"

"कापसाची. आधी हिच्या आईने, मग हिने."

"उंदीर आहेत?"

"आहेत, पण चावले नाहीत."

"चावायला नकोच. लेंड्या-मूत सुकतं, झाडताना धूळ नाकात जाते. तिच्यात विषाणू असू शकतो. आजार सुरुवातीला साध्या तापासारखाच दिसतो. त्याची वेगळी तपासणी मागवावी लागते. मागवते. हिला इथून हलवू नका."

संध्याकाळी मास्क लावून मी खोलीत दोन चादरी अंथरल्या, दोन्हींवर गहू. एकीवर जेवण झाकायची जाळी उपडी घातली, वर वीट.

सकाळी सगळ्यांदेखत दार उघडलं. उघडे गहू फस्त, काळे दाणे हजर. जाळीखालचे गहू जसेच्या तसे.

"आत्म्याला जाळी चालत नाही," बाबा म्हणाला.

"कुलूपबंद दारातून येतो आणि जाळीला अडतो होय रे?" माझी आत्या म्हणाली. सगळे हसले.

"आणि बाबा," मी म्हणालो, "माझी बायको आली असती तर घाण टाकून गेली नसती, खोली झाडून गेली असती. या उंदराच्या लेंड्या आहेत. गव्हाचं आमिष तुमचं."

मेहुणा दंडावरच्या पुड्या झटकायला थापा मारू लागला.

"फोडू नकोस!" मी ओरडलो. "धूळ उडेल. अलगद काढ, हात साबणाने धू."

हसण्याच्या गडबडीत बाबाने काढता पाय घेतला.

तपासणीत तोच आजार निघाला. लेक चार दिवस ऑक्सिजनवर होती. आता घरी येऊन मलाच दटावते, "बाबा, कोरडं झाडायचं नाही!" मी खिडक्या उघडतो, जंतुनाशक पाणी शिंपडतो, थांबतो, मग ओल्या फडक्याने पुसतो. बायकोचा झाडू खिळ्यालाच आहे.

ताप आला तर डॉक्टरकडे जा. आणि त्यांनी विचारलं नाही तरी कुठली खोली झाडली ते सांगा. मी ते दोन महिने उशिरा सांगितलं.