बेपत्ता सत्तावीस नंबर आणि मी

मी ग्लुकोमीटर बोलतोय. नाव परकं वाटत असेल तर 'शुगरचं मशीन' म्हणा, पण म्हणताना बोट मागे घेऊ नका. टोचणारी सुई वेगळी असते. माझा तिच्याशी संबंध इतकाच, की रक्त ती काढते आणि शिव्या मला पडतात. मी बापडा फक्त आकडा दाखवतो. पण माणसाचं असं आहे, सुईचा राग त्याला दोन मिनिटं येतो आणि आकड्याचा आयुष्यभर.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. एका साच्यातली आम्ही हजारो भावंडं. कुणी मुंबईला गेलं, कुणी परदेशात. मी खोक्यात बसून मिरजेला आलो. मिरज स्टेशनावर उतरलेल्या माणसाला रिक्षावाले 'कुठं जायचं?' असं विचारत नाहीत, 'कुठल्या दवाखान्यात?' असं विचारतात. मी डॉक्टर जयराज यांच्या दवाखान्यात जाऊन पडलो.

डॉक्टर जयराज सर्जन होते. हात चांगला होता, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. पण नुसत्या हातावर त्यांचं समाधान नव्हतं, त्यांना नाव हवं होतं. आणि ते दवाखान्याच्या पाटीवरचं नको, पुस्तकातलं हवं होतं. म्हणून त्यांनी संशोधन काढलं. ज्यांना जुना मधुमेह आहे आणि हर्नियाचं ऑपरेशन करायचंय, अशांची साखर आधी तीन आठवडे आटोक्यात आणायची, मगच टेबलावर घ्यायचं आणि जखम कशी भरते ते पाहायचं. असे चाळीस पेशंट. या प्रकाराला त्यांनी स्वतःच 'जयराज पद्धत' असं नाव देऊन टाकलं होतं. बारसं आधी, बाळ नंतर.

कल्पना खरोखर चांगली होती. अडचण एवढीच, की चांगली कल्पना सिद्ध व्हायला वेळ लागतो आणि ती जिथं मांडायची त्या सर्जनांच्या परिषदेची पत्रिका आधीच छापून आली होती.

रोज सकाळी मला हातात घेऊन वॉर्डात फिरायच्या त्या डॉक्टर संयोगिता. नुकत्याच शिकून आलेल्या, साहेबांच्या हाताखाली काम करणाऱ्या. त्यांच्याबरोबर फिरताना मला माणसं कळली. हा सगळा उसाचा मुलुख. यांच्या शेतातला ऊस कारखान्यात जातो, त्याची साखर होते आणि ती फिरून यांच्याच रक्तात येऊन बसते. संयोगिताबाई विचारायच्या, "काल काय खाल्लं?" उत्तर ठरलेलं, "काय न्हाई. अर्धी भाकरी." मग मी आकडा दाखवायचो. की लगेच त्या अर्ध्या भाकरीतून एक जिलेबी बाहेर यायची. आकडा मोठा असला तर दोन, आणि फारच मोठा असला तर भाच्याचं अख्खं लग्न बाहेर यायचं. एका गृहस्थांनी माझी परीक्षा पास व्हायची म्हणून दोन दिवस अन्न सोडलं. आकडा चांगला आला. त्या आनंदात त्यांनी कँटीनमधून शिरा मागवून सगळ्या वॉर्डाला वाटला.

परिषद दोन महिन्यांवर आली आणि पेशंट अजून कमी पडत होते. तेवढ्यात हरिबा आले.

हरिबा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, कोरेगावकडच्या एका गावचे. उसाची मोळी उचलताना हर्निया झाला होता. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, आणि हातात पिशवी घेतलेल्या राहीबाई मागे. अभ्यासात आलेल्या पेशंटला नंबर मिळायचा. हरिबांना सत्तावीस मिळाला. दुसरा कुणी असता तर त्याला नावाऐवजी नंबरानं हाक मारलेली लागली असती. हरिबांना उलट बरं वाटलं. पलटणीत गेल्यासारखं वाटलं असावं. नर्सनं "सत्तावीस!" म्हणायचा अवकाश, खाटेवरून खणखणीत "हजर!" यायचं. सगळा वॉर्ड दचकायचा.

"आवं, पोट दुखतंय का घोषणा देताय?" राहीबाई म्हणायच्या.

तीन आठवडे पुरे व्हायच्या आतच ऑपरेशनची तारीख पडली. त्या दिवशी सकाळी संयोगिताबाईंनी हरिबांच्या बोटाचं रक्त माझ्या पट्टीला लावलं. मी तीनशे बारा दाखवले. कमी-जास्त करणं माझ्या हातात नाही.

डॉक्टर जयराज खेकसले, "एवढी कशी असेल? बोटाला काहीतरी लागलं असेल. काय खाल्लं होतं?"

"पेढा, साहेब," हरिबा ताठ बसून म्हणाले. "काल सांच्याला. गावची माणसं भेटाय आली हुती, त्यांनी कंदी पेढं आणलं हुतं. म्या दोन खाल्लं."

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच विचारताक्षणी खरं बोललेला माणूस मी पाहिला. त्यांचे हात साबणानं धुवून घेतले, दुसऱ्या बोटाला टोचलं. मी तीनशे नऊ दाखवले.

"मशीन बिघडलंय," साहेब म्हणाले.

दुसरं मशीन आणलं. ते माझंच भावंड. त्यानंही तोंड वाकडं करून तीनशेच्या वरच दाखवलं. आता दोन मशीन एकदम बिघडली म्हणायला साहेबांनाही जरा जड गेलं, पण ते म्हणाले.

"सर, पंधरा-वीस दिवस थांबू या का?" संयोगिताबाई हळूच म्हणाल्या. "आपलंच ठरलंय ना, साखर खाली आणल्याशिवाय घ्यायचं नाही?"

"आणि परिषद थांबेल का? इन्सुलिन द्या आणि टेबलावर घ्या."

म्हणजे जी गोष्ट सिद्ध करायची होती, तीच मोडून ती सिद्ध करायची असं ठरलं. हरिबांना यातलं काही कळलं नाही. साहेबाचा हुकूम झाला, ते उठले आणि चालत ऑपरेशनच्या खोलीत गेले.

मला कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं. संयोगिताबाईंनी टाकलं नाही. हरिबांना घरी सोडताना त्यांनी मला पट्ट्यांच्या डब्यांसकट राहीबाईंच्या पिशवीत ठेवलं. "मावशी, हे मशीन चांगलं आहे. रोज सकाळी बाबांची साखर बघत जा." त्या माझ्याबद्दल असं बोलल्या तेव्हा मला भरून आलं. रडण्याची सोय कारखान्यानं ठेवलेली नाही म्हणून निभावलं.

दुसऱ्याच आठवड्यात जखम लाल झाली, मग तिच्यातून पू यायला लागला. हरिबा ठरल्या दिवशी पहाटेची रेल्वे धरून मिरजेला हजर झाले. डॉक्टर जयराज यांनी पट्टी उचलून पाहिली आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"बाबा, एवढ्या लांब कशाला येता? गावातच ड्रेसिंग करून घ्या. उगाच त्रास."

माणसाचा आवाज असा अचानक मऊ झाला की सावध राहावं. हरिबांना ती माया वाटली. पुढच्या तारखेला ते तरीही आले, कारण तारीख म्हणजे तारीख. तेव्हा खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, साहेब बिझी आहेत. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. हरिबा पोटाला हात धरून बाकावर बसून राहिले, संध्याकाळची गाडी निघेपर्यंत. साहेब दोनदा समोरून गेले. दोन्ही वेळा त्यांना नेमका फोन आला.

"ज्यानं शिवलं त्येलाच बगाय टाइम न्हाई व्हय?" गाडीत राहीबाई कडाडल्या. "उद्या साताऱ्याला जायचं. सरकारी दवाखान्यात."

"पर साहेबांनी..."

"साहेबांचं पोट न्हाई ते."

साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात जखम पुन्हा उघडली. हर्निया पुन्हा वर येऊ नये म्हणून आत बसवलेली जाळी पुवात बुडाली होती, ती काढावी लागली. हरिबा तापानं फणफणले होते. त्या दिवसांत राहीबाई मला मुठीत घट्ट धरून बसायच्या, जणू मूठ आवळली की आकडा खाली येणार. तो हळूहळू आला खाली. तिथल्या डॉक्टरांनी इन्सुलिन बसवलं, जखम रोज धुतली आणि सावकाश, कुणाच्याही परिषदेची वाट न पाहता, ती भरून आली. हरिबा अर्धे झाले होते. मोळी उचलणं आता जन्मात नाही असं त्यांना सांगितलं गेलं. तेव्हा मात्र ते 'हजर' म्हणाले नाहीत. तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिले.

चालता येऊ लागल्यावर हरिबांनी पहिलं काय काढलं असेल? "मशीन परत करायला पायजे. दुसऱ्याची वस्तू हाय."

म्हणून आम्ही तिघं मिरजेला गेलो. दवाखान्यात शुकशुकाट. वॉचमन म्हणाला, सगळे परिषदेला गेलेत, जवळच्या हॉलवर. तिथं गेलो, तर दारात फुलांची कमान, आत थंडगार हवा आणि व्यासपीठावर डॉक्टर जयराज. आम्ही मागच्या रांगेत बसलो. मी हरिबांच्या सदऱ्याच्या खिशात होतो.

भाषण इंग्रजीत चाललं होतं. पडद्यावर आलेखाचे रंगीत खांब एकाहून एक उंच. शेवटी टाळ्या झाल्या आणि पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सर्जननी मराठीतच विचारलं, "जयराज, निकाल झकास आहे. एकाही जखमेत पू नाही म्हणतोस. पण चाळीसातले चार पेशंट संपर्कात राहिले नाहीत, ते गेले कुठं?"

साहेब हसले. "सर, आपले खेड्यातले लोक तुम्हाला माहीत आहेत. बरं वाटलं की डॉक्टरचं तोंड बघत नाहीत. आता हा सत्तावीस नंबर घ्या. रिटायर्ड फौजी, पण शिस्त शून्य. किती फोन केले! माणूस बेपत्ता."

'सत्तावीस नंबर' हे शब्द हॉलमध्ये पुरते पोचलेही नव्हते, तोवर हरिबा उभे राहिले होते. त्यात राग नव्हता, ठरवून काही नव्हतं. सवय होती.

"हजर!"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. पण डॉक्टर जयराज यांचं कसब बघा. दोन क्षण चेहरा पडला, तिसऱ्या क्षणी त्यांनी पाहुण्यांसाठी आणलेला हार उचलला आणि हात पसरून ते खाली आले. "अरे वा, बाबा! बघा सर, आमचा पेशंट सापडला! कसा ठणठणीत उभा आहे बघा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाला धावला.

हार गळ्यात पडणार तेवढ्यात हरिबांनी तो हातानं अडवला.

"साहेब, जाळी तुमी बसवली, ती काढली साताऱ्यात. जखम भरली तीबी तिकडंच. हार हितं कुणाला घालताय?" आणि त्यांनी सदरा वर केला.

पडद्यावर एवढे खांब होते, पण हॉलमधल्या कुणीही आता त्यांच्याकडे बघत नव्हतं.

"आमी तीनदा आलो हुतो," राहीबाई म्हणाल्या. "तुमी फोनवर हुता."

म्हातारे सर्जन हळूच म्हणाले, "जयराज, ऑपरेशनच्या दिवशी याची साखर किती होती?"

साहेब हातातल्या हाराची फुलं नीट करू लागले. तेव्हा व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या संयोगिताबाई बोलल्या. "तीनशेच्या वर, सर. तीन वेळा बघितली. बाकीच्या तिघांचंही असंच घाईत केलं होतं. तेही येत होते. त्यांनाही आम्हीच परत पाठवलं." मग त्यांनी छातीवरचा परिषदेचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. संशोधनात त्यांचं नाव साहेबांच्या खालोखाल होतं. त्या नावावर त्यांची पुढची नोकरी ठरणार होती, हे मला ठाऊक होतं.

आता तुम्हाला वाटेल, साहेबांचा दवाखाना बंद पडला असेल. छे! त्या दिवशी परिषदेचं बक्षीस हुकलं आणि पुस्तकात नाव यायचं तेवढं राहून गेलं. पण दवाखान्यावर दुसरा मजला चढला. गुडघ्यांचं नवं संशोधन सुरू आहे असं ऐकतो. संयोगिताबाई साताऱ्याकडच्या एका लहान सरकारी दवाखान्यात लागल्या. पगार निम्मा आहे. त्यांनी एकच केलं, मला परत घेतलं नाही. "राहू दे बाबा, तुमचंच आहे," म्हणाल्या.

तेव्हापासून मी हरिबांच्या घरात, कोनाड्यात असतो. आता थकलोय. माझ्या जातीच्या पट्ट्या कंपनीनं बनवणं बंद केलं. मशीन धडधाकट आणि पट्टी नाही, म्हणजे मी नुसता डबा. कालपर्यंत शेवटची एक पट्टी उरली होती. हरिबांनी ती स्वतःला लावली नाही. राहीबाईंचा हात धरला.

"मला काय धाड भरलीया?" त्या ओरडल्या.

खरंच, इतक्या महिन्यांत ही बाई कुणीच तपासली नव्हती. मीही नाही. तिनं मला धरलं, पुसलं, पट्ट्या आणल्या, पण तिच्या बोटाला कुणी हात लावला नाही. हरिबांनी टोचलं. मी दोनशे शहाऐंशी दाखवले.

दोघांनीही आकडा पुन्हा वाचला. मग राहीबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "आता माझंबी पोट फाडत्यात व्हय?"

"कोण फाडतंय? आदी संयोगिताबाईंकडं जाऊ. आन् चहा बदलायचा. लय साखर घालतीस तू."

लोकहो, माझं बोलणं संपत आलं. तुमच्यापाशी माझं एवढंच मागणं आहे. आकडा वाईट आला तर मशीनवर ओरडा, सुईवर ओरडा, पण तो बघा. आणि घरात सगळ्यांचं बघणाऱ्या माणसाचं बोटही एकदा धरा.

आज सकाळी राहीबाईंनी बिनसाखरेचा पहिला चहा केला. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, डॉक्टरांना, कारखान्याला, हरिबांना आणि मला मनसोक्त शिव्या दिल्या. आणि कप रिकामा केला.