डब्यांचा फोन

माळ्यावर रांगत जाऊन थोरलीने दोन पत्र्याचे डबे पुढे ओढले आणि अशी फुंकर मारली की खाली शिडी धरून उभा असलेला धाकटा शिंकला.

"ताई, उतर आता. या वयात हाड मोडलं तर सांधायला बाबा नाहीत."

"बाबा डबे सांधायचे, हाडं नाही. बघ काय सापडलंय. आपला फोन!"

दोन्ही डब्यांच्या बुडाला खिळ्याने पाडलेलं एकेक भोक होतं. शेजारी चिंधीत गुंडाळलेली पत्र्याची मोटार होती, चाकं अजून फिरत होती. बाबा दिवसभर डबे ठोकायचे, खेळण्यांसाठी त्यांना सवड नसे. उरल्यासुरल्या तुकड्यांतून मुलंच आपलं काहीबाही करत. ही मोटार तेवढी बाबांनी स्वतः बसून केली होती, धाकट्यासाठी.

"लावून बघू या?"

"पोरं हसतील गं."

"पोरं घरात आहेत कुठे? दोरा आण."

खेळ लहानपणापासून ठरलेला होता. थोरली माळ्यावर, दोरा मधल्या दारातून बाबांच्या कामाच्या खोलीत, आणि तिथे जिन्याखाली लपलेला धाकटा. माळ्याची झडप दोऱ्यापुरती उघडी ठेवायची, डोकावायचं नाही. दिसलं तर फोन कसला, हा नियम धाकट्याचाच. त्या अंधारात बसून तिने डब्यात काय काय सांगितलं होतं! समोरच्या शिंप्याची मुलगी मला दुपारी गच्चीवर वाचायला शिकवते, हे बाबांपासून लपवलेलं गुपितसुद्धा. त्या दिवशी बाबांची ठोकठोक थांबलेली होती, आणि एरवी अखंड बडबडणाऱ्या डब्यातून नुसतं "हं" आलं होतं. सर्दी झाली असेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा शिंप्याच्या दारात जाऊन नको नको ते बोलून आले. पाटी अंगणात फुटली. शिंप्याच्या मुलीनेच तोंड उघडलं, दुसरं कोण? धाकटा तर आपला. थोरली त्या मुलीशी पुन्हा बोलली नाही. ती समोरून आली की ही वाट बदलायची. मागच्या वर्षी ती गेली, तेव्हाही थोरलीने गुडघ्यांचं निमित्त सांगून तिच्या दारी जाणं टाळलं. अक्षरं तिला भेटली ती नातवंडांच्या जोडीने, केस पांढरे झाल्यावर.

"बसलास का जिन्याखाली?"

"बसलो. कंबर गेली माझी. बोल लवकर!"

तिने डब्यात हाक मारली. पुन्हा मारली.

"काही येत नाही गं!" धाकटा तिकडून ओरडला. "दोरा नवा आहे ना, म्हणून."

थोरलीने झडप पूर्ण उघडून खाली पाहिलं. दोरा दाराच्या चौकटीला टेकून वळला होता. दोरा कशालाही टेकला की आवाज तिथेच मरतो, हे तर दोघांना लहानपणापासून ठाऊक होतं.

"चौकटीला टेकतोय. जरा अलीकडे सरक."

"राहू दे ना ताई. चहा टाकतो."

"सरक म्हणते ना. आणखी. आणखी थोडा."

पाय ओढल्याचा आवाज आला. दोरा चौकटीपासून सुटला, सरळ झाला, ताणला गेला. दारातून तिला आता धाकटा दिसला. तो बाबांच्या ऐरणीपाशी उभा होता.

तिने डबा कानाला लावला.

"ताई, येतंय का ऐकू?"

अगदी कानाशी बसून बोलावं तसं आलं.

थोरलीने गुडघ्याजवळच्या मोटारीकडे पाहिलं. पाटी फुटली त्याच आठवड्यात ही मोटार नवीकोरी घरभर पळत होती. तिने मोटारीचं चाक बोटाने थांबवलं आणि डबा तोंडाशी नेला.

"तू तिथेच बसायचास ना रे? बाबांजवळ?"

धाकट्याने वर न पाहता डबा तोंडाशी नेला. डब्यातून आलं,

"हं."

म्हातारपणी धाकट्याचा आवाज हुबेहूब बाबांचा झालाय, असं सगळेच म्हणायचे. हा "हं" तिने याआधी ऐकला होता, याच डब्यात, आणि तेव्हा तो धाकट्याचा नव्हता.

तिने डबा हळूच खाली ठेवला. दोरा सैल होऊन चौकटीला टेकला. पलीकडे धाकटा डब्यात अजून काहीतरी बोलत होता.